जगदेवीची थंडी

ऑपरेशन चांगलं झालं की पेढे सर्जनला मिळतात. भूल देणाऱ्या डॉक्टरबद्दल नातेवाईक फार तर "त्या कोण होत्या?" एवढं विचारतात, आणि आम्हा थिएटरच्या सिस्टरांना तर "जरा बाजूला व्हा" याच्यापलीकडं काही ऐकायला मिळत नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी चारचौघांत सांगते. खरं म्हणजे वाटतं. म्हणून ही गोष्ट मी जरा छाती पुढं काढूनच सांगणार आहे. कुणाला ती फुशारकी वाटली तर वाटू दे.

मी अयोध्या. धाराशिवच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इनचार्ज सिस्टर. माझ्या थिएटरात एक नियम आहे आणि तो कुठल्या भिंतीवर लिहिलेला नाही. आमच्याकडून पेशंट हुडहुडत बाहेर जायचा नाही.

पूर्वी जायचे. पूर्ण भूल दिली की माणसाचं शरीर ऊब धरून ठेवायचं विसरतं. पोटातली, छातीतली ऊब हातापायांकडं पसरते आणि तिथून निघून जाते. त्यात थिएटरातला एसी, उघडं अंग, शिरेतून जाणारं गार सलाईन. झोपेत आहे तोवर माणसाला काही कळत नाही. जाग आली की शरीराच्या एकदम ध्यानात येतं, अरे, आपण गारठलोय. मग दात वाजतात, खांदे उडतात, पलंग खडखडतो. ताजे टाके ताणले जातात, हृदयाची उगाच पळापळ होते. नातेवाईक घाबरून चादरीवर चादरी टाकतात. आणि सगळ्या दवाखान्यांत सांगतात तेच आम्हीही सांगायचो, "होतं हो असं, थांबेल थोड्या वेळात."

हे "होतं हो असं" बंद केलं डॉक्टर सबिहानं. ती आमची भूलतज्ज्ञ. लोहाऱ्याची, शाळामास्तर कलीम यांची मुलगी. आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी ती मला काहीतरी विचारत होती आणि मला वाटलं मनातल्या मनात दुवा मागतेय. ती एसीच्या आकड्याकडं बघत होती.

"सिस्टर, एवढं गार कुणासाठी?"

"सर्जनसाठी. त्यांना घाम फुटतो."

"आणि पेशंटसाठी काय?"

सर्जनला घाम फुटतो म्हणून उन्हाळा असो की हिवाळा, थिएटरात महाबळेश्वर करून ठेवायचं, असाच रिवाज होता. तिनं तो मोडला. मॅनेजमेंटच्या मागं लागून गरम हवेचं पांघरूण आणवलं. म्हणजे कागदासारखं हलकं पांघरूण असतं, त्याला नळी जोडलेली, आणि नळीतून यंत्र कोमट हवा भरत राहतं. सलाईन कोमट करायचं यंत्रही आलं. आमचे सर्जन डॉक्टर दिग्विजय म्हणाले, "आता इथं चूल पण मांडा." मी म्हटलं, "मांडू की सर, तुम्ही पीठ मळणार असाल तर." त्यानंतर पेशंट आमच्याकडून शांत, उबदार, डोळे मिचकावत बाहेर जायला लागले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जे झालंच नाही त्याचं कौतुक कोण करणार? पण मला माहीत होतं आणि सबिहाला माहीत होतं.

तर पौष महिना होता. तुळजापुरात शाकंभरी नवरात्र बसलेलं. दुसऱ्या दिवशी ज्यांचं ऑपरेशन त्यांना आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन भेटायचं ही माझी सवय. त्या सोमवारी तामलवाडीची जगदेवी म्हणून एक बाई दाखल झाली होती. पित्ताशयात खडे. साठी ओलांडलेली, काटक, कपाळभर कुंकू आणि गळ्यात कवड्यांची माळ. म्हणजे आराधीण, तुळजाभवानीची परडी खांद्यावर घेतलेली. तिच्याभोवती मुलगा रामहरी, सून, नात आरोही आणि रामहरीची एक चुलती असा मेळावा. मी जवळ गेले तशी ती सगळ्यांना म्हणाली, "तुमी भायेर व्हा. मला सिस्टरसंगं बायकांचं बोलायचंय."

सगळे बाहेर गेले. तिनं मला पलंगावर बसवलं.

"तुजं देवीवर मन हाय का?"

"आहे की मावशी. दर मंगळवार धरते."

"मग नीट ऐक. मागं माझी गर्भाची पिशवी काढली, तवा अशीच भूल दिली हुती. दुसऱ्या दवाखान्यात. भूल उतरली आन म्या लटलट कापाया लागले. दात वाजायले, खांदे उडायले. ह्या लोकांनी काचंतून बघितलं. म्या आराधीण, माझ्या अंगात देवी येती ही गावाला ठावं. म्हणली, देवी आली. आत घुसली, कपाळाला हळदकुंकू लावलं आन कौल मागितला."

कौल म्हणजे देवीला प्रश्न विचारायचा आणि ती हो म्हणते की नाही ते बघायचं. आमच्याकडं जमिनीच्या वाटणीपासून बोअर कुठं पाडायची इथपर्यंत कौल मागतात.

"काय विचारलं?"

"धाकट्या लेकीला, द्वारकीला, स्थळ आलं हुतं. अजून अठरा बी लागलं नव्हतं तिला. रामहरीनं इचारलं, देवी, लगीन करू का? आन माझी मान तर हलतच हुती. थंडीनं. वर-खाली, वर-खाली. त्यांनी हुकार धरला."

मी पलंगावर जरा पुढं सरकले.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"समदं. पर जीभ वळंना."

"नंतर सांगायचं ना, की ती देवी नव्हती, थंडी होती."

"सांगितलं की. तर म्हणली, देवी गेल्यावर झाडाला काय आठवतंय?"

ज्याच्या अंगात देवी येते त्याला आमच्याकडं झाड म्हणतात. झाडाला कुणी मत विचारत नाही.

"द्वारकीला गणिताचं बक्षीस मिळालं हुतं शाळंत," जगदेवी म्हणाली. "वंगाळ काय चाललं न्हाय तिचं. नवरा बरा हाय. पर लेकराला गणित शिकवता शिकवता मधीच उठती आन परसात जाऊन उभी ऱ्हाती. म्या बघितलंय."

आता नातीची पाळी होती. आरोही बारावीला, तिला नर्सिंगला जायचं होतं. नळदुर्गाकडचं स्थळ आलेलं, बागाईतदार, मुलाकडचे घाई करत होते. रामहरीचं ठरत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता आणि चांगलं स्थळ सुटेल याची भीतीही होती. म्हणून त्यानं ठरवलं होतं की उद्या ऑपरेशननंतर देवी येईलच, मागं आली होती तशी, तिलाच विचारू. पिशवीत हळदकुंकू, लिंबू, नारळ घेऊनच ते आले होते.

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "मग सोपं आहे मावशी. उद्या अंगात आल्यासारखं करा आणि जोरात नाही म्हणा. विषय संपला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पलंगावरून उठायच्या बेतात आले.

"देवीच्या नावानं लबाडी करू? ती येती तवा पायाच्या अंगठ्यापासनं कळतं मला. न्हाय आली तर न्हाय आली म्हणून सांगती. लोक रागावली तरी सांगती. परडी घेतल्यापासनं एकदा बी खोटं बोलले न्हाय. ते एकदा झालं ते थंडीनं केलं, म्या न्हाय."

मी माघार घेतली. मला माघार घ्यायला लावणारी माणसं धाराशिवात फार नाहीत.

"मग रामहरीला आत्ताच सांगा, आई म्हणून. नको म्हणा."

"मला कोण इचारतंय? देवीला इचारत्यात. जगदेवीला न्हाय." तिनं माझा हात धरला. "तू येवढंच कर. उद्या माझी मान हलू दिऊ नको."

"मी दार लावून घेते. कुणाला आत सोडत नाही."

"किती येळ? आन काचंतून दिसतंच की. त्यांना नुस्तं दिसलं तरी बास हाय."

खरं होतं ते. आमच्या रिकव्हरीच्या, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट ठेवतो त्या खोलीच्या, दारालाही काच आहे, आणि नातेवाईकांची नाकं त्या काचेला चिकटलेली असतात.

मी सरळ सबिहाकडं गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसली नाही. नुसती म्हणाली, "चला, मला त्यांना बघू द्या." वॉर्डात येऊन तिनं जगदेवीची नाडी, छाती, जुने कागद सगळं तपासलं आणि मग शेजारी बसली.

"मावशी, तुमच्या अंगात देवी आली तर ती थांबवणं माझं काम नाही. मी तशी हिंमत पण करणार नाही. पण थंडी माझ्या हद्दीतली आहे. थंडीला मी येऊ देणार नाही."

जगदेवीला ते बोलणं पटलं. "कुणाची गं तू?" तिनं विचारलं. सबिहानं सांगितलं. "लोहाऱ्याची माणसं शब्दाला पक्की असत्यात," जगदेवी म्हणाली. कशावरून म्हणाली देव जाणे.

बाहेर आल्यावर सबिहा भिंतीला टेकली. "सिस्टर, मी बोलून तर बसले. पण कितीही काळजी घेतली तरी एखादा पेशंट थरथरतोच. शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही."

"मग आता शंभराला जेवढं जवळ जाता येईल तेवढं जाऊ," मी म्हटलं.

आम्ही जगदेवीला सांगितलं, रात्री पायात मोजे घालायचे, अंगभर पांघरूण घ्यायचं, सकाळी कोमट पाण्यानं नुसतं अंग पुसायचं. तिनं सगळ्याला व्हय व्हय म्हटलं. सुनेनंही मान डोलावली. मी निश्चिंत झाले.

सकाळी मी सर्वांत आधी थिएटरात गेले आणि एसी कमी केला. सलाईनच्या बाटल्या कोमट करायला लावल्या. पोट धुवायचं पाणीसुद्धा कोमट. गरम हवेचं पांघरूण टेबलावर अंथरून ठेवलं. नवा जावई पहिल्यांदा घरी यायचा असता तरी मी एवढी तयारी केली नसती. मग ट्रॉली आली. जगदेवीच्या डोक्यावर हिरवी टोपी घट्ट ओढलेली, चेहरा शांत. मी तिचा हात हातात घेतला. हात माठासारखा गार होता. मी टोपी काढली. आत ओल्या केसांचा अंबाडा, अजून पाणी निथळत होतं.

"मावशी, हे काय?"

"मंगळवार हाय. नवरात्र हाय. न्हाल्याबिगर कशी येऊ?"

सोलरचं पाणी तापायच्या आधी, पहाटेच्या अंधारात, ती वॉर्डाच्या न्हाणीघरात गार पाण्याच्या बादल्या डोक्यावरून ओतून घेऊन आली होती. आणि तेवढ्यावर थांबली नव्हती. ओलेत्यानंच मागच्या गॅलरीत तुळजापूरच्या दिशेला तोंड करून हात जोडून उभी राहिली होती, सगळं म्हणणं संपेपर्यंत. सून शेजारी कोरडं लुगडं घेऊन उभी. सासूला अडवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण देवीपुढं कोरड्या अंगानं जायचं नसतं हे तिलाही ठाऊक होतं.

माझा पारा चढला. "तुम्हीच सांगता मान हलू देऊ नको, आणि तुम्हीच पौषाच्या पहाटे गार पाण्यानं न्हाता? एवढं काय मागायचं होतं देवीला?"

"ह्येच की," जगदेवी म्हणाली. "आज थंडी वाजू दिऊ नको म्हणून."

थंडी वाजू नये म्हणून देवीला विनवायला ही बाई गारठ्यात ओली उभी राहिली होती. आमच्या जिल्ह्यातच असं घडू शकतं. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी कोरडे टॉवेल काढायला घेतले.

सबिहानं ताप बघायचं यंत्र लावलं. आकडा बघून तिचा चेहरा उतरला. जगदेवी आत्ताच गारठलेली होती, भूल द्यायच्या आधीच. वॉर्डातून आलेल्या कागदावर तपमान ठीक लिहिलेलं होतं, पण ते न्हायच्या आधीचं. तेवढ्यात डॉक्टर दिग्विजय हात धुऊन, ते ओले हात वर धरून आत आले. ते माणूस म्हणून चांगले आहेत, फक्त घाईत जन्माला आलेत.

"चला मॅडम, द्या भूल."

"सर, थोडं थांबावं लागेल. पेशंट थंड आहे."

"अहो, नाडी, बीपी सगळं व्यवस्थित आहे. आत घेतल्यावर गरम करा की."

"आत घेतल्यावर भरून निघत नाही सर. ऊब आधी भरावी लागते. निदान तासभर तरी."

"तासभर? मला दुपारी सोलापूरला पोचायचंय."

सबिहाचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. पण थिएटरात त्या वेळी दुसरा कुठलाच आवाज नव्हता. "थंड पेशंटला मी भूल देणार नाही, सर."

ते माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका सर, भूल त्या देतात." मला तेव्हा इतका आनंद झाला की मास्क होता म्हणून बरं. मास्तरांची ही पोर, जिचा आवाज मला पहिल्या दिवशी ऐकू आला नव्हता, ती आज ठोकलेल्या खुंट्यासारखी पाय रोवून उभी होती.

डॉक्टर दिग्विजयांनी सुस्कारा टाकला. "बरं. दुसऱ्या थिएटरात हर्नियाचा पेशंट आहे, तिथले भूलतज्ज्ञ तयार आहेत, तो आधी घेतो. तोवर शेका तुमच्या मावशीला."

आम्ही शेकलं. कोरड्या टॉवेलांनी केस दाबून दाबून टिपले, अंबाडा सोडून बट न् बट वेगळी केली, डोकं कोरड्या कपड्यात गुंडाळलं. पायात मोजे घातले. मग गरम हवेचं पांघरूण फुगवून गळ्यापर्यंत ओढलं. थोड्या वेळानं जगदेवी म्हणाली, "चुलीपुढं बसल्यावानी लागतंय गं." आणि तिचा डोळा लागला. आकडा हळूहळू चढत होता. सबिहा शेजारून हलली नाही, चहालाही गेली नाही. मी तिला दोनदा सांगून बघितलं.

ऊब भरली तेव्हा तिनं स्वतः डॉक्टर दिग्विजयांना बोलावलं आणि भूल दिली. ऑपरेशन सुरू झालं. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटाला लहान लहान भोकं, पण पोटात गॅस भरतात आणि तोही गारवा आणतो. आम्ही छाती आणि पाय झाकलेले ठेवले. सलाईन कोमट, धुण्याचं पाणी कोमट. एसी कमी असल्यामुळं डॉक्टर दिग्विजयांच्या कपाळावरून धारा लागल्या आणि मी त्या टिपत राहिले. "सिस्टर," ते म्हणाले, "इथं पेशंट सोडून सगळे शिजतायत." पण एसी वाढवा असं एकदाही म्हणाले नाहीत. पित्ताशय निघालं, टाके पडले, ते हातमोजे काढून निघाले. जाताना दारात थांबून आकडा बघून गेले. तेवढं मी त्यांच्या खात्यावर जमा धरते.

आता खरी परीक्षा होती. जागं करायच्या आधी सबिहानं थरथर थांबवायचं औषध शिरेतून दिलं, थोडंच, कारण जास्त दिलं तर पेशंट गुंगीत राहतो आणि श्वास मंदावतो. जगदेवीला तर शुद्धीत यायचं होतं. मग तिनं भुलीचा वायू बंद केला. जगदेवीचे डोळे फडफडले, घशातली नळी निघाली, एक खोकला आला. मी तिच्या मानेकडं बघत होते. मान स्थिर होती.

आणि मग हनुवटी थरथरली.

अगदी थोडी. आधी मला वाटलं माझ्याच डोळ्यांचा खेळ. पण खालचा ओठ हलला, जबडा हलला, आणि ती थरथर मानेकडं उतरायला लागली. मी सबिहाकडं बघितलं. तिनं आधीच सिरिंज हातात घेतली होती. औषधाचा आणखी एक लहानसा डोस दिला, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि आपला तळहात जगदेवीच्या गालावर ठेवला. ट्रॉली बाहेर न्यायला वॉर्डातली आया आली होती, तिला मी हातानंच थांबवलं. कितीही उशीर झाला असता तरी थरथर थांबल्याशिवाय मी ती ट्रॉली हलू दिली नसती.

थांबली. मातीत पाणी जिरावं तशी जिरली. आम्ही आणखी वाट बघितली. परत आली नाही. जगदेवीनं डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "झालं?"

"झालं मावशी," सबिहा म्हणाली. "थंडी वाजतेय का?"

तिनं जरा विचार केला, जणू अंगात कुठं थंडी लपलीय का ते शोधत होती. "न्हाय गं."

मला त्या क्षणी माझ्या थिएटराचा, त्या फुगलेल्या कागदी पांघरुणाचा आणि त्या हळू बोलणाऱ्या पोरीचा इतका अभिमान वाटला की शब्दांत सांगता यायचा नाही, म्हणून सांगत नाही.

रिकव्हरीत आणलं तेव्हा काचेपलीकडं चेहरे तयारच होते. रामहरीच्या हातात हळदकुंकवाची पुडी उघडलेली. चुलतीच्या हातात नारळ. आरोही सगळ्यांच्या मागं, भिंतीला पाठ लावून उभी, माझ्याकडं बघत होती. आपलं आयुष्य आज त्या काचेच्या आत ठरणार आहे हे तिला माहीत होतं आणि ती काही करू शकत नव्हती. सबिहा मला हळूच म्हणाली, "तासभर कुणाला सोडू नका." पण जगदेवीनं ऐकलं.

"उघड दार," ती म्हणाली. "येऊ दे रामहरीला."

नियमाप्रमाणं एका नातेवाइकाला सोडता येतं. मी रामहरीला आत घेतलं आणि दार उघडंच ठेवलं. त्यानं आईच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, दोन पावलं मागं सरला आणि हात जोडले. त्याचे हात थरथरत होते. त्या खोलीत थरथरणारं तेवढंच होतं.

"देवी, आरोहीला स्थळ आलंय. लगीन करू का?"

उशीवर जगदेवीचं डोकं होतं तसंच राहिलं. डोळे मिटलेले. मॉनिटरची टिकटिक चालू. रामहरी मानेकडं टक लावून बघत होता, दारातली चुलती बघत होती, मी बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही.

त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी जरा मोठ्यानं. काही नाही.

तो गोंधळून माझ्याकडं वळला. "सिस्टर, देवी आली न्हाय का?"

"न्हाय आली," जगदेवी म्हणाली.

तिनं डोळे उघडले होते. नळीमुळं घसा बसलेला, आवाज खरबरीत, पण शब्द एकेक स्वच्छ. "देवी आली न्हाय, रामहरी. मागं बी आली नव्हती. म्या हाय हितं. मला इचार."

रामहरीचे जोडलेले हात तसेच राहिले. ते कुणासाठी जोडले होते आणि आता कुणासाठी ठेवायचे, हेच त्याला उमगेना. मी एक स्टूल त्याच्याकडं सरकवलं. तो बसला. आईच्या चेहऱ्याशी त्याचा चेहरा आला.

"इचार की," ती म्हणाली.

"आये." त्यानं जोडलेले हात सोडले. "आये, आरोहीचं काय करू?"

"शिकू दे तिला. तिला बी सिस्टर व्हायचंय, ह्या बाईवानी." ती थांबली, दम घेतला. "द्वारकीच्या येळंला बी माझं ह्येच म्हणणं हुतं. तवा तू मला इचारलंच न्हाय."

रामहरीनं डोकं पलंगाच्या कडेवर टेकलं. एवढा मोठा माणूस, मिशा असलेला, पण मला तो क्षणभर शाळेतून उशिरा घरी आलेल्या पोरासारखा दिसला. जगदेवीचा सलाईन नसलेला हात पांघरुणातून बाहेर आला आणि त्याच्या केसांवर जाऊन थांबला. सबिहा पलंगाच्या पायथ्याशी कागदावर काहीतरी लिहीत होती. मी जवळून बघितलं, पेनाचं टोपण काढलेलंच नव्हतं.

तो बाहेर गेला तेव्हा मी दारात उभी होते. चुलतीनं नारळ पुढं केला. "काय म्हणाली देवी?"

रामहरीनं भिंतीशी उभ्या लेकीकडं बघितलं.

"देवीला न्हाय इचारलं, काकू," तो म्हणाला. "आयेला इचारलं."